ओल्ड फॅशन्ड घरी ढवळायचा की बाटलीतला ओतायचा?

रातांबा
मे अखेर, गुहागरजवळचे घर, बारा माणसे. बेत ओल्ड फॅशन्ड या व्हिस्की कॉकटेलचा आहे, जमले तर सोबत व्हिस्की सावर, म्हणजे लिंबू घातलेले. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे व्हिस्कीसकट तयार बाटली, फक्त बर्फावर ओतायची. दुसरा बिनदारूचा मिक्सर, म्हणजे पाकाची बाटली, व्हिस्की आपली. तिसरा मार्ग सगळे घरी करण्याचा. एकाच माणसाने रात्रभर ओट्यापाशी उभे राहायचे नसेल तर यातले काय निवडावे? चव, खर्च, बर्फ सगळे धरून सांगा. "नीट (म्हणजे नुसती व्हिस्की) प्या, बाकी सगळे ढोंग" हा सल्ला गृहीत धरला आहे, तो परत देऊ नये.

तिरफळ
बारा माणसे, मे महिना, गुहागर आणि ओल्ड फॅशन्ड. आधी इन्व्हर्टर आहे का ते सांगा, मग चवीचे बोलू.

जायफळ
आधी पेय काय आहे ते बघू, म्हणजे बाटलीत काय टिकते आणि काय मरते ते आपोआप कळेल. 1806 साली अमेरिकेतल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली होती: मद्य, साखर, पाणी, बिटर्स (कडू मुळे-मसाल्यांचा मद्यार्क). ओल्ड फॅशन्ड म्हणजे तेच, इकडची काडी तिकडे नाही. पाणी हाही त्यातला एक घटक आहे. घरी बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

एका पेल्याचे प्रमाण:
व्हिस्की 60 मिली
साखरेचा पाक (2:1) 5 मिली
अँगोस्टुरा बिटर्स 2 डॅश (बाटलीचे झटके)
संत्र्याच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा

पाक वजनाने करा. 200 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम. साधारण 225 मिली होतो. 5 मिलीत जवळपास साडेचार ग्रॅम साखर येते, म्हणजे साखरेचा एक क्यूब. क्यूब चुरडायचा हट्ट करू नका. साखर दारूत नीट विरघळत नाही, तळाशी रवा राहतो, पहिला घोट कडू आणि शेवटचा बासुंदी.

ढवळणे: मोठ्या पेल्यात चार-पाच कोरडे, घट्ट बर्फाचे खडे, 20 ते 25 सेकंद. गाळल्यावर मोजा. टाकलेले 67 मिली असेल तर निघालेले 80 ते 85 मिली हवे. कमी आले तर घशाला चरचरते, 95 आले तर सरबत झाले. बर्फावर पाण्याची चकाकी असेल तर 15 सेकंदांतच थांबा. कोकणातल्या मे महिन्यात बर्फ ट्रेमधून काढून मिनिटभर ठेवला तरी ओला होतो.

माडाखालचा
ता सगळा खरा, पण बर्फ खंय गावतलो? लाइट गेली की सगळा पाणी.

दर्यावर्दी_रत्नागिरी
माडाखालचा, तुमच्या प्रश्नाला जोडून एक इशारा. बंदराजवळच्या बर्फ कारखान्यातून लादी आणून फोडायचा मोह कुणालाही होऊ नये. मासळीसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. म्हणून तर 2018 पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम एफएसएसएआयने केला. लादी निळसर दिसली तर ती सुरमईसाठी आहे. आणि रंग दिसला नाही म्हणून ती पिण्यायोग्य ठरत नाही. खाण्याच्या बर्फाचीच सीलबंद पिशवी आणा.

घरी करत असाल तर आदल्या दोन दिवसांपासून साठवा. ट्रे भरला की खडे झाकणाच्या डब्यात, परत ट्रे. बारा माणसांना दोन-दोन पेले म्हणजे ढवळायला आणि पेल्यात मिळून किमान 5 किलो धरा.

सुरंगी
डबा हवाबंद हवा, हे ठळक अक्षरांत लिहा. आपल्याकडच्या फ्रीझरमध्ये खालच्या खणात बांगडे असतात आणि वरच्या खणात बर्फाचा उघडा ट्रे. बर्फ वास धरतो. चार दिवसांचा खडा नुसता चघळून बघा, कळेल. संत्र्याची साल, बिटर्स, चांगली व्हिस्की, काहीही घाला, मागून बांगडा येतोच.

तिरफळ
याला 'कोस्टल ओल्ड फॅशन्ड' म्हणून मुंबईत आठशे रुपयांना विकतील.

खाडीपलीकडचा
तयार बाटलीला इथे उगाच नावे ठेवली जाण्याआधी थोडी वकिली करतो. बाटलीबंद कॉकटेल हे आजचे फॅड नाही. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या 1862 च्या पुस्तकात ब्रँडी कॉकटेल बाटलीत भरून ठेवायची कृती आहे: दोन भाग ब्रँडी, एक भाग पाणी, वर पाक आणि बिटर्स. 1892 च्या सुमारास हार्टफर्डची ह्युब्लाइन कंपनी तयार कॉकटेलच्या बाटल्या विकत होती. ओल्ड फॅशन्डमध्ये रस नाही, दूध नाही, अंडे नाही. त्यात सडण्यासारखे काही नाही, त्यामुळे बाटलीत घालण्याला तत्त्वतः काहीच हरकत नाही.

प्रश्न पैशांचा आहे, आणि तो लेबलवरच्या एका आकड्यावर सुटतो. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की 42.8 टक्के. 750 मिलीत 321 मिली अल्कोहोल. तयार कॉकटेलवर 30 टक्के लिहिले असेल तर त्याच मापात 225. म्हणजे व्हिस्कीच्या बाटलीएवढीच किंमत असली तरी हातात सत्तर टक्केच माल पडला, उरलेल्या तीस टक्क्यांत साखर, पाणी आणि रंगीत खोका. खोका चांगला असतो, नाकारत नाही. छोट्या बाटल्यांना तर मिलीमागे आणखी जास्त पडतात. एक-दोन माणसे असतील, घरात बिटर्स नसतील आणि परत कधी लागणार नसतील, तर तयार बाटली घ्या. बारा माणसांसाठी नको.

सुरंगी
बिनदारूच्या मिक्सरचेही असेच गणित आहे, फक्त ते साखरेचे. बाटली उलटी करा, पोषणाचा तक्ता वाचा. समजा 100 मिलीत एकूण साखर 60 ग्रॅम आहे आणि कृती सांगते 60 मिली व्हिस्कीला 30 मिली मिक्सर. म्हणजे पेल्यात 18 ग्रॅम साखर, चार क्यूब. ओल्ड फॅशन्डला लागतो एक. लोक म्हणतात "बाटलीतला गोड लागतो", लागणारच की.

आणलीच असेल तर फेकू नका. 60 मिलीला 8 ते 10 मिलीच घाला आणि बिटर्सचा एक डॅश वरून द्या, कारण मिक्सर कमी केला की त्यातला कडवटपणाही कमी होतो. घटकांत आयएनएस 330 दिसले तर ते सायट्रिक आम्ल. ओल्ड फॅशन्डमध्ये आंबट काही नसते, तेव्हा ते पाक टिकवायला किंवा चव उठवायला घातलेले आहे. 211 म्हणजे सोडियम बेन्झोएट, परिरक्षक. फोडल्यावर फ्रिजमध्ये.

कातळशिल्प
सुरंगीताईंशी सहमत. बिटर्स मिळत नसतील तर घरी करता येतात, हे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

अँगोस्टुराचा कडवटपणा जेन्शन नावाच्या मुळाचा, लेबलवर तेवढेच लिहिलेले असते, बाकी कृती गुप्त. आपल्या आजीच्या डब्यातले काडेचिराईत त्याच कुळातले. कडूपणाला ते पुरेपूर आहे, किंबहुना जास्तच. 200 मिली साधी 42.8 टक्क्यांची व्होडका घ्या. एका बरणीत 150 मिली: संत्र्याची वाळवलेली साल 5 ग्रॅम (आतला पांढरा भाग खरवडून), दालचिनीचा दोन इंच तुकडा, लवंगा 4, हिरवी वेलची 3 ठेचून, जायफळाची एक खरवड. दोन आठवडे, रोज एकदा हलवायची. दुसऱ्या बाटलीत 50 मिलीत काडेचिराईत 2 ग्रॅम, फक्त एक दिवस. दोन्ही फडक्याने आणि नंतर कॉफीच्या फिल्टरने गाळा. मग मसाल्याच्या अर्कात कडू अर्क चमच्या-चमच्याने मिसळत चाखा.

एकत्र का नाही भिजवायचे? कारण चिराईत एका दिवसात कडू होते आणि साल-दालचिनीला आठवडे लागतात. एकाच बरणीत घातले तर मसाला उतरेपर्यंत ते विष झालेले असते. लवंगही चारच. सात घातल्या की दातदुखीचे औषध.

आणि व्होडका दुकानातलीच सीलबंद. स्पिरिट, थिनर, 'ओळखीतून मिळालेले' काहीही नाही. मिथेनॉल डोळे घेते, जीवही घेते.

जायफळ
कृती चांगली आहे. मात्र त्याला अँगोस्टुरा समजून दोन डॅश मारू नका, आधी अर्धा चमचा पाण्यात घालून चाखा. डॅश हेही फसवे माप आहे. भरलेल्या बाटलीतून छोटा पडतो, अर्ध्या बाटलीतून मोठा. दोन डॅश म्हणजे दीड ते पावणेदोन मिली, पोह्याच्या नव्हे तर 5 मिलीच्या मापाच्या चमच्याचा एक तृतीयांश. जास्त पेले करताना मिलीनेच मोजा.

नाखवा
व्हिस्की कोणती घ्यायची ते कुणी सांगितलेच नाही. आणि गोव्यातून आणली तर स्वस्त पडेल ना?

खाडीपलीकडचा
पडेल, इन्सुलीच्या तपासणी नाक्यापर्यंत. गोव्याचा कर भरलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. एक बाटली असली तरी. गाडीसकट गेली तर तो महाराष्ट्रातला सर्वांत महाग ओल्ड फॅशन्ड ठरेल. आणि इथे पिण्याचा परवाना, व्हिस्कीसाठी 25 वर्षे वय, हे लक्षात असू द्या. बारा जणांत कॉलेजातली भाचेमंडळी असतील तर त्यांना अमृत कोकम.

जायफळ
व्हिस्कीबद्दल. मूळ पेय बोर्बन किंवा राय या अमेरिकन व्हिस्कींचे. बोर्बनमध्ये मका किमान 51 टक्के आणि पिंप नवे, आतून जाळलेले. व्हॅनिला आणि कॅरॅमल तिथून येते, म्हणून साखर-बिटर्सशी त्याचे जमते. राय तिखट, त्याला पाक थोडा जास्त चालतो.

आपल्या स्वस्त व्हिस्कींचा पाया बहुतेक वेळा मळीपासूनचे स्पिरिट, त्यात थोडे माल्ट. अंगात फारसा दम नसतो आणि गोडसर शेवट आधीच असतो. तिथे पाक 5 ऐवजी 3 मिली, बिटर्स तेवढेच. गोव्याचा पॉल जॉन किंवा बंगळूरचा अमृत, पीटचा धूर नसलेला, उत्तम लागतो. पण तेवढ्या पैशांत तो नुसता प्यावा असे माझे मत. धुरकट स्कॉच इथे टाळा, धूर आणि लवंग मिळून चुलीपुढे बसल्यासारखे वाटते.

माडाखालचा
चुलीफुडे बसान पिऊक काय वायट आसा?

तिरफळ
माडाखालचा यांना या धाग्याचे उत्तर म्हणून जाहीर करावे.

आगळवेगळा
सावर राहिला. तो आपला प्रांत.

व्हिस्की सावरचे तयार मिक्सर ओल्ड फॅशन्डच्या मिक्सरपेक्षा नेहमीच वाईट लागतात, आणि याला कंपनीची हयगय कारण नाही. लिंबाचा रस पिळल्यावर काही तासांत बदलतो. दुपारी पिळलेला रात्री वेगळा आणि दुसऱ्या दिवशी शिळा, किंचित कडू. बाटलीत महिनोन्महिने टिकवायचा तर तो गरम करावा लागतो किंवा रसाऐवजी आम्ल आणि सुवास घालावा लागतो. आंबटपणा मिळतो, लिंबू मिळत नाही. म्हणून ओल्ड फॅशन्ड बाटलीत चालतो, सावर चालत नाही.

कृती परदेशी पुस्तकातली असेल तर तिथले लिंबू पिवळे, मोठे. आपले कागदी लिंबू वेगळे, धारदार. तिथे 25 ते 30 मिली रस लिहिलेला असतो, आपल्या लिंबाचा 20 मिली पुरे. व्हिस्की 60, रस 20, साधा 1:1 पाक 20, अंड्याचा पांढरा 15 मिली. आधी बर्फाशिवाय 15 सेकंद जोरात हलवा, मग बर्फ घालून 12 सेकंद. पहिल्या फेरीत फेस धरतो, दुसरीत गार होते. अंड्याचा उग्र वास आला तर फेसावर बिटर्सचे तीन थेंब. अंडे नको असेल तर काबुली चणे उकडलेले बिनमिठाचे पाणी 20 मिली, तेही घट्ट असेल तरच.

आता खरी गंमत. मे म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा हंगाम (धागाकर्त्यांनी नाव उगाच घेतलेले नसावे). लिंबाच्या जागी अमृत कोकम घ्या. व्हिस्की 60, अमृत कोकम 25, लिंबू 7 ते 8 मिली, वेगळा पाक शून्य. अमृत कोकमात साखर सालींच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास घातलेली असते, तोच पाक. फेस गुलाबी येतो, आणि अंड्याऐवजी चण्याचे पाणी इथे जास्त शोभते.

आगळ मात्र वापरू नका! दोन्ही बाटल्या लाल, दोन्हींवर 'कोकम', आणि एकीत मीठ. आगळ सोलकढीसाठी. सावरमध्ये 25 मिली आगळ म्हणजे वांती. वापरायचेच तर 3-4 थेंब, मीठ म्हणून.

सुरंगी
याला दुजोरा. अमृत कोकम म्हणून विकतात त्यातली काही नुसती रंग घातलेली साखर असते. पाण्यात एक चमचा घाला. खरे असेल तर रंग गडद आणि जिभेच्या कडांना आंबट लागते. खोटे असेल तर गुलाबी आणि नुसते गोड. जिरे घातलेली बाटली इथे नको, व्हिस्कीत जिरे भांडते.

जायफळ
आगळवेगळा, पेय चांगले असेल, पण त्याला व्हिस्की सावर म्हणू नका. सावरची जान लिंबाच्या वासात आहे. कोकमाचा आंबटपणा गोल, मागून येणारा. वरचा सूर गायब.

आगळवेगळा
म्हणूनच त्यात 8 मिली लिंबू आहे, जायफळराव. वाचा की नीट.

जायफळ
वाचले. 8 मिलीने वरचा सूर येत नाही. साल पिळा वरून, मग मान्य.

आगळवेगळा
साल मान्य.

तिरफळ
धाग्यावर दोन माणसांचे एकमत झाले. प्रशासकांनी नोंद घ्यावी.

नाखवा
साल आली म्हणून विचारतो. मे महिन्यात संत्रे कुठले? हापूसची साल चालेल का?

सुरंगी
अहो नको! हापूसच्या सालीला चीक असतो, पेल्याच्या काठाला घासली तर बाराच्या बारा जणांचे ओठ उततील. आंब्याचा रसही ओल्ड फॅशन्डमध्ये नको, गाळ होतो आणि साखर दुप्पट.

मे मध्ये बाहेरून आलेले घट्ट सालीचे संत्रे मिळते, तेच बरे. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, सोलाण्याने पट्टी नीट निघत नाही. मोसंबीची निघते पण वास मंद. मेण लावलेले फळ असेल तर कोमट पाण्यात घासून पुसा. पट्टी काढताना पांढरा भाग कमी यावा, साल पेल्यावर धरून रंगीत बाजू खाली करून दुमडा. तेलाचे बारीक तुषार पेयावर तरंगताना दिव्याखाली दिसतात. दिसले नाहीत तर साल सुकलेली आहे, दुसरी घ्या. पट्ट्या आदल्या रात्री काढून ठेवू नका, तेल उडून जाते.

गणपतीच्या दिवसांत पपनस मिळते, त्याची साल या पेयाला संत्र्याहूनही चांगली. माटवीला (गणपतीवरच्या फळांच्या चौकटीला) बांधलेले नव्हे, वेगळे आणा.

कातळशिल्प
थोडे अवांतर. पाकात साखरेऐवजी गूळ? माडाचा गूळ?

जायफळ
चालतो. 200 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम पाणी, विरघळवून गाळा, तळाला माती आणि काड्या येतात. ऊसाच्या गुळाला मातकट-खारट कड असते, ती बोर्बनला शोभते. माडाच्या गुळाला चुलीचा वास असतो, स्वस्त व्हिस्कीला तो खाऊन टाकतो. गुळाचा पाक साखरेच्या पाकासारखा टिकत नाही, फ्रिजमध्ये दोन आठवडे धरा. वर बुडबुडे दिसले तर आंबला, टाका.

आगळवेगळा
माडावर आलोच आहोत तर नारळाचे तेल. 250 मिली व्हिस्कीत 30 मिली खाण्याचे घाण्याचे तेल, रुंद तोंडाच्या बरणीत. खोलीत चार तास, मधूनमधून हलवायचे, मग रात्रभर फ्रीझर. तेलाचा पापुद्रा गोठून वर येतो, भोक पाडून व्हिस्की ओता, कॉफी फिल्टरने गाळा. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे पुण्याच्या हिवाळ्यात जी कसरत ती इथे मे महिन्यात आपोआप होते. गाळणी थंड हवी, नाहीतर तेल परत पातळ होऊन खाली उतरते. तवंग राहिला की आठवड्यात खवट. आणि केसांचे तेल नको, हे लिहायला लागू नये पण लिहितो.

माडाखालचा
केसांचा घातलास तर डोक्यार चढतलाच.

रातांबा
हसून झाले. आता मूळ प्रश्नावर येऊ का? तयार बाटली बारा जणांना परवडत नाही, मिक्सर गोड, आणि एकेक पेला ढवळत बसायला माणूस नाही. लाइट जाणार हे धरून चाला. मग काय?

जायफळ
मग आपलीच बाटली आदल्या दिवशी भरा. वर खाडीपलीकडचा यांनी सांगितलेच आहे की यात सडण्यासारखे काही नाही.

एका 750 मिली बाटलीसाठी:
व्हिस्की 600 मिली
2:1 पाक 50 मिली
बिटर्स 17 मिली (आधी 12 घाला, चाखा, मग उरलेले)
पिण्याचे पाणी 80 मिली

एकूण 747 मिली, सुमारे 35 टक्के. 75 मिलीचे दहा पेले. बारा जणांना दोन बाटल्या, त्यासाठी व्हिस्कीच्या दोन 750 च्या बाटल्या लागतात आणि 300 मिली उरते, त्यात पाच सावर होतात. रिकामी बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पाक आधी पाण्यात मिसळा, मग व्हिस्की, नाहीतर पाक तळाशी बसतो. साल बाटलीत टाकू नका, दुसऱ्या दिवशी कडवट चोथ्याची चव येते.

फ्रीझरमध्ये आडवी नव्हे, उभी ठेवा. उणे 18 ला गोठत नाही, तेलासारखी घट्ट होते. ओतताना मोठ्या एका खड्यावर 75 मिली, साल पिळायची, झाले. पाणी 80 च ठेवले आहे कारण खड्यातून आणखी उतरते. अमेरिकन कृतींत याहून बरेच जास्त पाणी असते, कारण तिथली व्हिस्की 45 ते 50 टक्के. तेच आकडे आपल्या 42.8 ला लावले की बेचव होते, हीच सर्वांत जास्त होणारी चूक.

खाडीपलीकडचा
लाइटचा विचार करून एक बदल सुचवतो. एक बाटली तशीच. दुसरी बिनबर्फाची करा: व्हिस्की 560, पाक 47, बिटर्स 16, पाणी 125. ही 33 टक्क्यांवर येते, 80 मिलीचे नऊ पेले, बर्फाशिवाय थेट गार पेल्यात. फ्रीझर जास्त थंड असेल तर कडेला बर्फाची भुकटी धरेल, बाहेर काढून पाच मिनिटांत विरते. लाइट गेली तर फ्रीझर उघडू नका. गच्च भरलेला आणि बंद असेल तर बराच वेळ थंडी धरतो, बर्फाचा डबा आणि बाटली एकमेकांना चिकटून ठेवा. पेलेही तिथेच.

एक मात्र सांगून ठेवा. 75 मिली दिसायला घोटभर, पण त्यात मोठा पेग पूर्ण आहे, आणि गार-घट्ट असल्याने पटकन जातो. दोन झाल्यावर गाडीच्या किल्ल्या सुरंगीताईंसारख्या कुणाकडे जमा.

सुरंगी
म्हणजे मी पीत नाही असे गृहीतच धरलेत!

खाडीपलीकडचा
माफी. किल्ल्या तिरफळांकडे.

तिरफळ
मी आलो तर किल्ल्या परत मिळणार नाहीत. चाखण्याला काय आहे तेवढे सांगा.

दर्यावर्दी_रत्नागिरी
भाजलेले काजू, मीठ बेताने. मिठाने कडवटपणा दबतो, फार खारट खाल्ले की पेय नुसते गोड लागते. तळलेले बोंबील सावरबरोबर, आंबटाला ते चालतात. तिरफळ घातलेली बांगड्याची चटणी कशाबरोबरच नाही, जीभ बधिर होते.

तिरफळ
व्यक्तिगत टीका नको.

रातांबा
ठरले. एक बाटली बर्फाची, एक बिनबर्फाची, सावर फक्त पाच आणि ते कोकमाचे. बिटर्स विकतचे. एकच शंका: भरलेली बाटली चार दिवस आधी केली तर?

जायफळ
चालेल, पहिल्या दिवसापेक्षा बरी लागते, बिटर्स मिसळून जातात. लेबल लावा. घरातल्या कुणी साध्या व्हिस्कीची समजून सोडा ओतला तर सगळा हिशोब गेला.

माडाखालचा
आनि लेबलार 'आगळ' लिवा. कोण हात लावचो नाय.